‘आम्ही फक्त शूट केलं’: जाहिरातपट बनवणाऱ्यांना खुलं पत्र

निर्माते, दिग्दर्शक, लेखक, कॅमेरामन, कला दिग्दर्शक, संगीतकार, संकलक आणि आपल्या संघटनांचे पदाधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

प्री-प्रॉडक्शन मीटिंगमधला एक क्षण तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या ओळखीचा असेल. टेबलावर मूड बोर्ड पसरलेला असतो. डोंगर, धुकं, पाठमोरा माणूस, मावळतीचा उजेड. सगळे माना डोलावत असतात आणि एखादा नवखा सहायक विचारतो, “पण आपण विकतोय काय?” खोली क्षणभर गप्प होते. मग एजन्सीचा माणूस हसून म्हणतो, “जॅकेट.”

त्या मीटिंगमध्ये मी होतो. निर्मिती व्यवस्थापक म्हणून बजेट माझ्या हातात होतं. चाळीस सेकंदांच्या त्या फिल्ममध्ये जॅकेट नीट असं एकदाच दिसायचं, तेही अंधूक. लाल रंगावर मात्र दीड तास चर्चा झाली. कला दिग्दर्शकाने तीन छटा दाखवल्या, तिन्ही नापास झाल्या. शेवटी क्लायंटच्या माणसाने खिशातून सिगारेटचं पाकीट काढलं, टेबलावर ठेवलं, “फक्त रेफरन्ससाठी” असं म्हणाला आणि आमचं बघून झाल्यावर परत खिशात घातलं. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. आम्ही रंग जुळवला, शूट वेळेत उरकलं, पैसे वेळेवर आले. नाव जॅकेटचं होतं, त्यामुळे आमच्यापैकी कुणीही त्या रात्री जागं राहिलं नाही. मीही नाही.

आता कामातून बाहेर पडल्यावर हे लिहितोय, म्हणजे खाल्ल्या घरचे वासे मोजतोय असं कुणी म्हणालं तर ऐकून घेईन. तंबाखू कंपन्यांना मला काही सांगायचं नाही. मला बोलायचंय ते आपल्या एका लाडक्या वाक्याबद्दल: “आम्ही फक्त शूट केलं.” याच वाक्याच्या आडोशाने आपण आजवर नामानिराळे राहत आलो. कायद्याच्या दृष्टीने हा आडोसा आपल्याला वाटतो तेवढा भक्कम नाही, आणि नैतिकदृष्ट्या तर तो कधी उभाच नव्हता.

आधी कायदा बघू, कारण त्याबाबत आपल्या धंद्यात विलक्षण अडाणीपणा आहे. आपली समजूत अशी की बंदी कंपनीवर आणि वाहिनीवर असते. मधले आपण म्हणजे सुतार, ऑर्डर आली की टेबल करून देणार. भारताचा २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा काढून त्याचं पाचवं कलम वाचा. त्याच्या पहिल्याच पोटकलमात तीन प्रकारची माणसं येतात. तंबाखूचं उत्पादन, पुरवठा किंवा वितरण करणाऱ्याने जाहिरात करू नये. माध्यम ज्याच्या ताब्यात आहे त्याने ती होऊ देऊ नये. आणि तंबाखूच्या वापराला प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे चालना देणाऱ्या कोणत्याही जाहिरातीत कुणीही भाग घेऊ नये. ‘कुणीही’ आणि ‘भाग घेऊ नये’ हे शब्द पुन्हा वाचा. कॅमेऱ्यापुढचा आणि कॅमेऱ्यामागचा असा फरक त्या कलमात केलेला नाही. शिक्षा पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपर्यंत दंड. दंडाची रक्कम वाचून हसू येतं हे खरं. कैदेच्या मुदतीवर येऊ नये.

ब्रिटनच्या २००२ च्या कायद्यात तर आपलं काम जवळपास नावानिशी आलं आहे. तंबाखूची जाहिरात प्रसिद्ध करणारा दोषी, आणि ती छापणारा, रचणारा किंवा वाटणाराही दोषी. ‘रचणारा’ म्हणजे लेखक आणि दिग्दर्शक नव्हेत तर कोण? या कायद्याने बचावाची एक वाट ठेवली आहे. जाहिरातीचा हेतू तंबाखूला चालना देण्याचा आहे हे आपल्याला माहीत नव्हतं आणि तसा संशय यायला काही कारणही नव्हतं, हे दाखवता आलं तर सुटका आहे. म्हणजे सगळा प्रश्न येऊन थांबतो तो ‘माहीत होतं का’ यावर. ते पाकीट आमच्या टेबलावर आलं त्या क्षणी आमची ती वाट बंद झाली होती.

फ्रान्सचा १९९१ चा कायदा कला दिग्दर्शकांनी आवर्जून वाचावा. एखादी जाहिरात भलत्याच वस्तूची असली, तरी तिची आकृती, मांडणी, नाव किंवा चिन्ह तंबाखूची आठवण करून देत असेल, तर तो कायदा तिला अप्रत्यक्ष जाहिरातच मानतो. आठवण! आपल्या धंद्याचं मर्म कुणा कायदेपंडिताने इतक्या नेमक्या शब्दात पकडलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही. आपण आठवणीच तर तयार करतो. लाल रंगाच्या तीन छटा नापास झाल्या त्या त्याचसाठी.

या सगळ्यावर छत्र आहे ते जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण कराराचं. तो २००३ मध्ये स्वीकारला गेला आणि फेब्रुवारी २००५ पासून लागू झाला. आज १८० हून अधिक पक्ष त्यात आहेत. त्याचं तेरावं कलम जाहिरात, प्रसार आणि प्रायोजकत्व यांच्या संपूर्ण बंदीबद्दल आहे. ते राबवण्यासाठी २००८ मध्ये मार्गदर्शक सूचना स्वीकारल्या गेल्या. त्यांत म्हटलं आहे की जबाबदारीची व्याख्या रुंद हवी, तिच्यात विपणनाची आख्खी साखळी यावी. मुख्य जबाबदारी कंपनीची आणि तिच्या हस्तकांची, हे बरोबरच आहे. पण माध्यमांसाठी मजकूर निर्माण करणारेही त्या साखळीत धरले आहेत.

“मग जिथे चालतं तिथे दाखवू” ही पळवाट मला ठाऊक आहे. इंडोनेशियाने हा करार स्वीकारलेला नाही आणि तिथे रात्री उशिरा टीव्हीवर सिगारेटच्या जाहिराती दाखवता येतात. फिल्म एका देशात लिहायची, दुसऱ्यात शूट करायची, तिसऱ्यात ग्रेडिंग करायचं आणि चौथ्यात दाखवायची, हे आपल्या धंद्यात रोजचंच आहे. पण तेराव्या कलमाने तिकडेही पाहून ठेवलंय: ज्यांनी संपूर्ण बंदी स्वीकारली, त्यांच्या बंदीत आपल्या भूमीतून बाहेर जाणाऱ्या जाहिरातीही येतात, अर्थात त्या देशाच्या घटनेच्या आणि कायद्याच्या चौकटीत. त्यामुळे फिल्म कुठे दाखवली जाणार एवढंच विचारून भागत नाही. ती कुठून निघाली हेही विचारलं जाऊ शकतं.

आता आपल्या मंडळींचा हुकमी एक्का. वस्तू विकायला परवानगी आहे, सरकार तिच्यावर कर घेतं, मग जाहिरातीला बंदी का? अभिव्यक्तीचं काय? हा युक्तिवाद पोकळ नाही आणि तो न्यायालयात टिकलेलाही आहे. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये तिथल्या जवळपास सरसकट बंदीची महत्त्वाची कलमं याच कारणाने रद्द केली. मग तिथल्या संसदेने १९९७ मध्ये नवा, जास्त नेमका कायदा केला. वस्तूची माहिती द्यायला काही वाव ठेवला, पण जीवनशैलीच्या जाहिरातींवर, म्हणजे मोकळेपणा, धाडस, श्रीमंती, चैतन्य असं काही त्या वस्तूला चिकटवणाऱ्या जाहिरातींवर बंदी घातली. कंपन्या परत न्यायालयात गेल्या आणि २००७ मध्ये एकमताने हरल्या.

या निकालाचा आपल्याशी थेट संबंध आहे, म्हणून जरा थांबतो. कॅनडाने कंपनीला सांगितलं की माहिती हवी तर द्या. माहिती द्यायला दिग्दर्शक लागत नाही. क्रेन लागत नाही, घोडे लागत नाहीत, पहाटे चार वाजताचा कॉल टाइम लागत नाही. बंदी आली ती नेमकी त्या भागावर, ज्यासाठी आपल्याला बोलावतात. ‘आम्ही फक्त शूट केलं’ म्हणताना आपण स्वतःला हमाल समजतो; न्यायालयं आणि संसदा मात्र आपलंच काम या सगळ्याचा गाभा मानतात. आपल्या कलेला एवढा मान कुठल्याही पुरस्कार समितीने दिलेला नाही.

पुरस्कारांचा विषय निघालाच आहे तर एक कबुली. सिल्क कट सिगारेटच्या जाहिराती मला आवडायच्या. ब्रिटनमध्ये सत्तर-ऐंशीच्या दशकांत सिगारेटच्या जाहिरातीवर इतकी बंधनं होती की त्यात धड माणूस दाखवता येईना, यश दाखवता येईना, शौर्य दाखवता येईना. त्यातून १९८३ च्या सुमाराला साची यांच्या एजन्सीने जांभळं रेशमी कापड दाखवलं, त्याला एक चीर. पुढे पुढे तर सिगारेटचं नावही उरलं नाही. फक्त जांभळा रंग, कापणारं काहीतरी आणि खाली सरकारी इशारा. बघणारा कोडं सोडवायचा आणि सोडवल्याबद्दल स्वतःवरच खूश व्हायचा. मी उमेदवारी करत होतो तेव्हा आम्हाला हे उत्तम जाहिरातीचा नमुना म्हणून दाखवलं जायचं, आणि नमुना उत्तम होताच. पण त्यातून एक आख्खी पिढी शिकली ती ही गोष्ट: नियम ही अडचण नव्हे, नियम म्हणजे ब्रीफ, क्लायंटने दिलेली कामाची सूचनाच. जितकं बंद कराल तितकं आम्ही सूचक होऊ.

तीच विद्या पुढे सगळीकडे पसरली. २०१० मध्ये फेरारीच्या फॉर्म्युला वन गाडीवर बारकोडसारखे पट्टे होते. ते पाहून मार्लबोरो सिगारेटची आठवण होते अशी टीका झाली आणि हंगामाच्या मध्येच ते पुसावे लागले. २०१८ मध्ये त्याच संघाच्या गाडीवर मार्लबोरोवाल्या फिलिप मॉरिस कंपनीच्या ‘मिशन विनो’ मोहिमेचं नाव आलं. विकायला काहीच नाही, नुसती मोहीम! ऑस्ट्रेलियात त्याबद्दल प्रश्न उठले आणि २०१९ च्या तिथल्या शर्यतीला ते नाव गाडीवर नव्हतं. भारतात याच प्रकाराला, म्हणजे बंदी असलेल्या वस्तूसाठी दुसरंच काहीतरी पुढे करणाऱ्या जाहिरातीला, ‘सरोगेट’ हे नाव रूढ झालं. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं आणून त्याला मनाई केली आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्यात उत्पादकाबरोबर जाहिरातीत झळकणारा नामवंतही येतो. म्हणून आता नामवंत मंडळी करारातून बाहेर पडतात, माफी मागतात, त्याच्या बातम्या होतात. त्यांच्या डोक्यावर छत्री धरणारे, त्यांना वाक्य लिहून देणारे, त्यांचा चेहरा उजळवणारे आपण बातमीत नसतो. नसतो, म्हणजे वाचलो असं आपल्याला वाटतं.

‘माहीत नव्हतं’ म्हणण्याचा हक्क एके काळी लोकांना होता. अमेरिकेतले प्रसिद्धीतज्ज्ञ एडवर्ड बर्नेज यांनी १९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्टरच्या फेरीत तरुणींच्या हाती सिगारेटी दिल्या आणि त्यांना स्वातंत्र्याच्या मशाली म्हणवलं. प्रसिद्धीच्या धंद्यात हे उदाहरण अजून शिकवतात. त्याच बर्नेज यांनी पुढे साठच्या दशकात लिहून ठेवलं की आज जे कळलंय ते तेव्हा कळलं असतं, तर ते काम घेतलं नसतं. त्यांच्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. पण १९२९ साली निदान तसं म्हणायला जागा होती. १९५० मध्ये ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडून फुप्फुसाच्या कर्करोगाचे मोठे अभ्यास आले. ११ जानेवारी १९६४ ला, शनिवारी, अमेरिकेचे सर्जन जनरल, म्हणजे सरकारचे सार्वजनिक आरोग्यप्रमुख, ल्यूथर टेरी यांनी धूम्रपानाच्या दुष्परिणामांवरचा अहवाल जाहीर केला. शनिवार मुद्दाम निवडला होता, शेअर बाजार बंद असतो म्हणून. त्या दिवसापासून जगातल्या एकाही जाहिरातवाल्याला अज्ञानाची सवलत राहिली नाही. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने तंबाखू दर वर्षी ७० लाखांहून जास्त माणसं मारतो, आणि जे सोडत नाहीत त्यांच्यातल्या निम्म्यापर्यंत लोकांचा बळी घेतो. हे आकडे पाकिटावरच्या चित्रांमुळे आपल्याला इतके पाठ झालेत की आता टोचतही नाहीत.

त्याच १९६४ साली आपल्या धंद्यातल्या दोन माणसांनी काय केलं ते सांगण्यासारखं आहे. डेव्हिड ओगिल्व्ही यांच्या एजन्सीने यापुढे सिगारेटचं काम घेणार नाही असं जाहीर केलं. आणि मॅककॅन-एरिक्सनचे अध्यक्ष एमर्सन फूट यांनी राजीनामा दिला. सिगारेट विकणाऱ्या एजन्सीशी आपलं नाव जोडलेलं राहू नये, एवढ्यासाठी. हे फूट काही साधू नव्हते. लकी स्ट्राइक सिगारेट विकूनच ते मोठे झाले होते. नंतर ते धूम्रपानविरोधी कामात उतरले. मला ते जवळचे वाटतात ते त्या आधीच्या वर्षांमुळे. स्वच्छ हातांनी नकार देणं सोपं असतं. ज्याने आधी पैसे घेतले आहेत त्याने थांबणं अवघड. या पत्राच्या सुरुवातीला मी कुणाबद्दल बोललो ते तुमच्या लक्षात असेल.

आता सेटवर येतो, कारण नैतिकतेच्या गोष्टी मीटिंगमध्ये फार गोल होतात. सेटवर त्या टोकदार असतात.

डेव्हिड मॅकलीन हे मार्लबोरोच्या टीव्ही जाहिरातींतले एक काऊबॉय. १९९५ मध्ये ते फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. पुढच्या वर्षी त्यांच्या पत्नीने कंपनीवर दावा लावला. त्यात म्हटलं होतं की धूर हवा तसा, राख हवी तेवढी, हात हवा तिथे येईपर्यंत त्यांना टेकमागून टेक सिगारेट ओढायला लागायची. एकेका टेकसाठी पाच-पाच पाकिटांपर्यंत. दाव्यातलं म्हणणं म्हणून ते घ्या. पण आपल्यापैकी ज्यांनी धुराचा शॉट घेतला आहे त्यांना ते अशक्य वाटणार नाही. धूर कधीच पहिल्या टेकमध्ये मनासारखा वळत नाही. मागून लाइट द्यावा लागतो, पंखे बंद करावे लागतात, सगळ्यांना श्वास रोखायला सांगावं लागतं. आणि “वन मोअर” म्हणणारा आवाज तंबाखू कंपनीच्या संचालकाचा नसतो.

कास्टिंगचंही तेच. अमेरिकन सिगारेट उद्योगाने १९६४ मध्ये स्वतःच आचारसंहिता केली होती: जाहिरातीतला माणूस पंचविशीच्या आतला नको आणि तसा दिसायलाही नको. नियम कागदावर चांगला. कास्टिंग करणाऱ्यांना त्याचा व्यवहारातला अर्थ विचारा. वय सत्तावीस, चेहरा एकोणिसाव्या वर्षाचा, जन्मतारखेचा दाखला फाइलमध्ये. २०१९ मध्ये फिलिप मॉरिसला तापवून ओढायच्या तंबाखूची समाजमाध्यमांवरची प्रभावकांची (इन्फ्लुएन्सरची) मोहीम जगभर थांबवावी लागली, कारण रशियातली एकवीस वर्षांची मुलगी त्यात वापरली गेल्याचं रॉयटर्सने उघड केलं. कंपनीचा स्वतःचाच नियम पंचविशीचा होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ब्रिटनच्या जाहिरात नियामक संस्थेने ब्रिटिश अमेरिकन टोबॅकोच्या ई-सिगारेटच्या इन्स्टाग्राम पोस्ट बंद करायला लावल्या. ई-सिगारेट बनवणाऱ्या ज्यूल कंपनीने २०१५ मध्ये झळाळत्या रंगांत नाचणाऱ्या तरुणांची मोहीम काढली. २०२२ मध्ये तिला अमेरिकेतल्या तीसहून जास्त राज्यांशी सुमारे ४३ कोटी ८५ लाख डॉलरची तडजोड करावी लागली, आणि त्यातला एक मुख्य आक्षेप होता किशोरवयीनांना ओढणाऱ्या प्रचाराचा. ती मोहीम कुणीतरी शूट केली होती. कुणीतरी त्या मुलांना म्हणालं असणार की जरा मोकळे व्हा, मजा करा, कॅमेरा विसरा.

मुलांपर्यंत ते पोचत नाही असं म्हणणाऱ्यांसाठी एकच जुनी गोष्ट. कॅमल सिगारेटचं ‘जो कॅमल’ हे चष्मा लावलेलं उंटाचं चित्र अमेरिकेत १९८७ मध्ये आलं. १९९१ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात अभ्यास आला: सहा वर्षांची मुलं त्या उंटाला जवळपास मिकी माऊसइतक्याच सहज ओळखत होती. कंपनी म्हणत होती की चित्र मोठ्यांसाठी आहे. चित्र काढणाऱ्यालाही बहुधा तेच सांगितलं असेल.

मात्र एक गोष्ट न सांगता पुढे जाणं लबाडीचं होईल. नकार सगळ्यांना सारखा परवडत नाही. प्रथितयश दिग्दर्शकाने ‘नाही’ म्हटलं तर त्याची मुलाखत छापून येते. रोजावर काम करणाऱ्या लाइटमनने म्हटलं तर दुसऱ्या दिवशी दुसरा लाइटमन येतो, आणि त्याच्या पुढच्या कामाचा फोन येत नाही. त्याला तर कित्येकदा कॉल शीटवर क्लायंटचं खरं नावही वाचायला मिळत नाही. त्यामुळे “प्रत्येकाने आपल्या विवेकाला विचारावं” असल्या सुविचारांवर माझा भरवसा नाही. विवेकाला करारात जागा नसेल तर तो फक्त सधनांचा छंद होतो. मला आपल्या संघटनांकडून हवं आहे ते उपदेशाच्या पलीकडचं, कागदावरचं काहीतरी.

एक: काम स्वीकारण्याआधी क्लायंट कोण, त्याची मालकी कुणाची, हे निर्मात्याने विचारायचं आणि उत्तर लेखी ठेवायचं. हा प्रश्न विचारणं उद्धटपणा समजला जातो तो आधी बंद व्हावा. मी सांगतो, एक ओळीच्या ईमेलने अर्धी कामं आपोआप गळून पडतात, कारण लेखी उत्तर द्यायला कुणी तयार नसतं. दुसरं म्हणजे आपल्या महोत्सवांनी आणि पुरस्कार समित्यांनी अशा फिल्म स्पर्धेत घेऊच नयेत, मग त्यावर नाव जॅकेटचं असो की संगीत महोत्सवाचं. शोरीलमध्ये, आपल्या कामाच्या नमुन्यांत, मिरवता येत नाही असं काम करायला चांगली माणसं दहादा विचार करतात. आपला अहंकार इतका उपयोगी कधीच पडला नसेल. आणि सेटवरच्या शेवटच्या माणसापर्यंत बाहेर पडण्याचा हक्क असावा, पैसे न बुडता.

“आपण नाही केलं तर दुसरा करेल” हे उत्तर मला मिळणार आहे, तेव्हा तेही घेतो. करेल. पण चांगलं करेल का? या कंपन्यांना आपल्याशिवाय काय जमतं त्याचा नमुना सगळ्यांनी पाहिलेला आहे. अमेरिकेत न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी २००६ मध्ये निकाल दिला की मोठ्या सिगारेट कंपन्यांनी अनेक दशकं लोकांना फसवलं, आणि सुधारणा करणारी निवेदनं प्रसिद्ध करण्याचा आदेश दिला. अकरा वर्षं कंपन्या शब्दाशब्दावर भांडल्या. शेवटी नोव्हेंबर २०१७ मध्ये ती टीव्हीवर आली: पांढऱ्या पडद्यावर काळी अक्षरं आणि सपाट, यंत्रासारखा आवाज. संगीत नाही, माणूस नाही, मावळतीचा उजेड नाही. अर्ध्या शतकापूर्वी याच पडद्यावर घोडे दौडवणाऱ्या कंपन्यांच्या तोंडचं खरं असं दिसत होतं. वर्षभर ती दाखवली गेली आणि कुणाच्या लक्षात राहिली नाही. खोटं लक्षात राहिलं होतं, कारण ते आपण केलं होतं.

उलट बाजूही आपलीच आहे. अमेरिकेत १९६७ पासून काही वर्षं, सिगारेटच्या जाहिराती दाखवणाऱ्या वाहिन्यांना विरोधी जाहिरातींसाठीही वेळ द्यावा लागत होता. त्या इतक्या लागू पडल्या की सिगारेटचा खप खाली येऊ लागला, आणि टीव्हीवरच्या बंदीला कंपन्यांनी शेवटी फारसा विरोध केला नाही, त्याचं एक कारण हेही मानलं जातं. बंदी २ जानेवारी १९७१ पासून आली. १ जानेवारीपासून का नाही? त्या दिवशी टीव्हीवर नववर्षाचे फुटबॉल सामने असतात म्हणून. शेवटचा एक दिवस वसूल करून दिला गेला. नटवर्य युल ब्रिनर यांनी मरणाआधी कॅमेऱ्यासमोर सांगून ठेवलं होतं की मी आता नाही, धूम्रपान करू नका. १९८५ मध्ये ते गेल्यावर ती काही सेकंदांची फिल्म दाखवली गेली. साधा क्लोज-अप होता. तोही कुणीतरी लाइट करून, फोकस लावूनच घेतला होता.

संघटनांच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत मी खालचं कलम मांडणार आहे. वकिलांकडून भाषा तपासून घेऊ. आशय मात्र पातळ होऊ नये अशी विनंती.

“सदर जाहिरातपटाचा हेतू अथवा परिणाम कोणत्याही तंबाखूजन्य वा निकोटिनयुक्त उत्पादनास प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष चालना देण्याचा नाही, असे क्लायंट व एजन्सी लेखी जाहीर करतात. जाहिरातपटातील नाव, रंगसंगती, आकृती, बोधचिन्ह वा घोषवाक्य अशा उत्पादनाशी मिळतेजुळते असल्यास ते चित्रीकरणापूर्वी निर्मितीतील सर्व व्यक्तींना कळवणे निर्मात्यावर बंधनकारक राहील. असे साम्य कोणत्याही टप्प्यावर आढळल्यास निर्मितीतील कोणत्याही व्यक्तीस, तिचे काम व मानधन कितीही लहान असो, काम सोडण्याचा अधिकार राहील. काम सोडण्याच्या दिवसापर्यंतचे पूर्ण मानधन तिला सात दिवसांत देण्यात येईल, आणि या कारणावरून पुढील कामातून तिला वगळता येणार नाही.”

आपला,
एक निवृत्त निर्मिती व्यवस्थापक